अब्बांचा भोंगा आणि जुना घाट

आमच्या खानदानात मासळी न विकलेला मी पहिला माणूस! हे मी छाती फुगवून सांगतोय. आजोबांनी विकली, अब्बांनी विकली, दोन्ही चुलत्यांनी विकली. मी मात्र आयटीआय केलं, कुवेत गाठलं आणि अर्धं आयुष्य तिथल्या लोकांचे एसी दुरुस्त करण्यात घालवलं. महाडला परत आलो तेव्हा लोक मला 'कुवेतवाले मुरादसाहेब' म्हणायला लागले. साहेब! तो एक शब्द कानावर पडावा म्हणून मी मुद्दाम बाजारातून लांबच्या वाटेनं घरी यायचो.

पण साहेबाचं पोट वाढलं आणि पाठोपाठ साखरही वाढली. डॉक्टर म्हणाले, व्यायाम करा, नाहीतर गोळ्या वाढवतो. तेव्हा माझ्या मुलानं, अकिबनं, गिअरची सायकल आणून दिली. ती महिनाभर पडवीत उभी राहिली. सकिना तिच्यावर टॉवेल वाळत घालू लागली, तेव्हा मात्र माझ्यातला मर्द जागा झाला.

"येत्या रविवारी मी आणि अश्वजित कशेडीच्या जुन्या घाटात सायकलनं जाणार!" मी जाहीर केलं. "आरामात जाणार, मजेत येणार, दुपारच्या जेवणाला घरी!"

सकिना तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"परवा गच्चीवर पापड घालायला गेलात, तर जिन्यात मध्येच बसून पाणी मागितलंत."

"घाट म्हणजे काय जिना आहे?"

"नाही ना. घाटात मध्ये पाणी द्यायला मी नाही."

आता ज्यांना आमचा घाट ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. बोगदा झाल्यापासून ट्रक, बस, चाकरमान्यांच्या गाड्या, सगळे डोंगराच्या पोटातून सुसाट जातात. वरचा जुना रस्ता बिचारा एकटा पडलाय. ज्या वळणांवर ट्रकवाले एकमेकांच्या आयाबहिणी काढायचे, तिथे आता माकडं निवांत उवा बघत बसतात. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत मी अब्बांबरोबर त्या रस्त्यानं जायचो. मासळीची पाटी आणि सायकल एसटीच्या टपावर टाकून पोलादपूरपर्यंत, आणि तिथून पुढे अब्बा सायकल हाणायचे, मी पुढच्या दांडीवर. चढावर दोघं उतरून ढकलायचो. निम्म्या घाटात हैबतीबाबांचं चहाचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे चार बांबू आणि वर पत्रा! तिथे अब्बा मला चहा आणि बेकरीचं कडक बटर द्यायचे. तसं बटर मला पुन्हा कुठेच मिळालं नाही. कुवेतच्या मोठ्या मॉलमध्येसुद्धा नाही. खरं सांगायचं तर व्यायाम हा बहाणा होता. मला त्या पत्र्याखाली बसून एकदा चहात बटर बुडवायचं होतं.

नाते गावचा अश्वजित माझा शाळेपासूनचा दोस्त. शिक्षक म्हणून निवृत्त झाला, पण त्याच्यातला शिक्षक काही निवृत्त व्हायला तयार नाही. तो हेल्मेट घालून, शिट्टी गळ्यात अडकवून, गुडघ्यांना पट्टे बांधून हजर झाला. माझ्या सायकलकडे बघून म्हणाला, "घंटी वाजव."

मी वाजवली. डास गुणगुणल्यासारखा आवाज आला.

"नापास!" गुरुजी म्हणाले. "घाटात ही कुणाला ऐकू जाणार?"

मग मला माळ्यावरचा अब्बांचा भोंगा आठवला. पितळी कर्णा, मागे काळा रबरी फुगा. अब्बांनी तो शेवटपर्यंत चिंचेनं घासून चकचकीत ठेवला होता. मी तो हँडलला तारेनं आवळून बांधला आणि सवयीनं दाबला. पोंऽऽ पोंऽऽ पों! दोन लांब, एक आखूड. अब्बा असाच वाजवायचे, मला दुसरा प्रकार येतच नव्हता. आतून सकिना धावत आली आणि दारात थबकली.

"या अल्ला! मला वाटलं सासरेच आले," ती म्हणाली. मग घाईघाईनं आत गेली आणि जरा वेळानं थर्माकोलचा एक पांढरा खोका घेऊन आली. त्यात बर्फ, कोकम सरबताच्या बाटल्या, उकडलेली अंडी आणि भाकऱ्या. खोका तिनं माझ्या कॅरिअरला दोरीनं बांधला.

वाचकहो, इथे जरा थांबा. सायकल, भोंगा आणि कॅरिअरवर थर्माकोलचा पांढरा खोका. तुम्ही रायगडातले असाल तर तुम्हाला पुढचं कळलं असेल. मला कळलं नाही. मी साहेब होतो ना!

अकिबनं दोस्ताच्या टेम्पोतून आम्हाला सायकलींसकट घाटाच्या पायथ्याशी सोडलं. बोगद्याकडे जाणारा रस्ता डावीकडे टाकून आम्ही जुन्या रस्त्याला लागलो, आणि काय सांगू! रस्त्याच्या कडेनं गवत वाढलेलं. बहावा पिवळाधमक फुललेला. करवंदाच्या जाळ्या दोन्ही बाजूंनी आत झुकलेल्या. आम्ही दर दोनशे पावलांवर व्यायाम म्हणून उतरत होतो आणि करवंदं खात होतो.

"मुराद, आठवतं?" अश्वजित म्हणाला. "तू शाळेत वासाचा डबा आणायचास."

"वासाचा काय! तूच अर्धा खायचास!"

"म्हणून तर आठवतं."

असे हसत, धापा टाकत आम्ही पहिल्या मोठ्या वळणाशी आलो. तिथे जुना गंजका फलक होता. 'वळणावर हॉर्न द्या.'

"दे," अश्वजित म्हणाला.

"अरे, समोरून येतंय कोण? माकड?"

"फलक म्हणजे फलक!"

मी भोंगा दाबला. पोंऽऽ पोंऽऽ पों! आवाज समोरच्या डोंगरावर आपटून परत आला. मला एकदम भरून आलं. म्हणून मी पुन्हा दाबला, मग आणखी एकदा.

आधी एक मांजर आलं. झुडपातून उडी मारून बाहेर, शेपूट ताठ, थेट माझ्या मागच्या चाकाशी. मग दुसरं आलं, मग दोन पिल्लांसकट तिसरं.

"मांजरांना माणसाची पारख असते," मी म्हणालो.

आणि वळण संपलं तेव्हा समोर वाडीतल्या पाच-सहा बायका लगबगीनं रस्त्यावर येत होत्या. प्रत्येकीच्या हातात ताट! कुणाची परात, कुणाचं पातेलं, पण बहुतेक ताटंच. अश्वजितनं सायकल थांबवली आणि हेल्मेट काढून केस नीट केले.

"मुराद, या वयात आपण सायकलनं घाट चढतोय, ही बातमी पसरलेली दिसते. ओवाळणार आहेत."

मी शर्टाची बटणं लावली. मान जरा पुढे केली.

"काय आणलायस रे आज?" पहिल्या बाईनं विचारलं.

ओवाळण्याची ही पद्धत नवी होती. पण मी साहेबाला शोभेल असं हसलो. "सगळं थंडगार आहे, ताई. बर्फात ठेवलंय."

"बर्फातला हाय गो!" ती मागे वळून ओरडली. "या लवकर!"

वाडीतून आणखी चार जणी निघाल्या. एकीनं थेट खोक्याचं झाकण उघडलं, आत हात घातला आणि उकडलेलं अंडं बाहेर काढलं. ते तिनं उजेडात धरून बघितलं.

"ही कंची मासळी?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अश्वजितच्याही पडला असावा, कारण तो हळूच चार पावलं मागे सरकून करवंदं बघू लागला.

"ताई, मी मासळीवाला नाही," मी म्हणालो. "मी हवा खायला आलोय."

"मंग भोंगा कशाला वाजीवलास?"

"तिथे फलक आहे..."

"फलक गेला खड्ड्यात! बोगदा झाल्यापास्नं मासळीची एक गाडी वर येत नाय. समद्या डोंगराच्या पोटातनं जात्यात. आज किती दिसांनी भोंगा वाजला म्हणून मी वाटान वाटलाय! खोबरा, मिरची, तिरफलं, समदा! आता त्या वाटनाचा काय करू? तुला फासू?"

तिच्या मागच्या बाईनं तर चिंच कोळून पातेल्यासकट आणली होती. मी अंडी देऊ केली. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी ती परत खोक्यात ठेवली.

"गुरुजी, काहीतरी बोल!" मी ओरडलो.

अश्वजित पुढे आला, घसा साफ केला आणि म्हणाला, "भगिनींनो, गैरसमज हा माहितीच्या अभावातून..."

पुढचं त्याला बोलताच आलं नाही. कारण एक म्हातारी बाई वरच्या वळणावरून जवळजवळ धावत खाली आली. पायात चप्पल नाही, पदर खोचलेला. तिनं बाकीच्यांना बाजूला सारलं आणि सायकलच्या भोंग्यावर हात ठेवला.

"ह्यो भायचा भोंगा," ती म्हणाली. "तू कोण रे?"

अब्बांना या घाटात सगळे भाय म्हणायचे. मी सांगितलं, मी त्यांचा मुलगा मुराद. तिनं माझ्या तोंडाकडे नीट बघितलं आणि मीही तिला ओळखलं. हैबतीबाबांची बायको, सोनाबाई! चहा ओतताना जिनं कधी थेंब सांडला नाही ती सोनामावशी. तिनं माझा दंड घट्ट धरला.

"मुराद, बाला, मासळी हाय ना तुझ्याकडं?"

"नाही मावशी. तेच सांगतोय मगापासून."

ती मटकन दगडावर बसली आणि रडायला लागली. सगळ्या बायका ताटं खाली ठेवून तिच्याभोवती बसल्या. मांजरंसुद्धा जवळ सरकली.

मग तिनं सांगितलं ते असं. हैबतीबाबा चैत्रात पडले. हाड मोडलं नाही, पण अंथरूण धरलं ते धरलंच. डोळ्यांत मोतीबिंदू, हॉटेलावर गिऱ्हाईक नाही, रस्त्यावर माणूस नाही. खाण्यावरची वासनाच उडाली. चमचाभर पेज घ्यायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे. डॉक्टरनं सांगितलं होतं, असं चाललं तर फार दिवस नाहीत. आणि आज सकाळी त्यांनी भोंगा ऐकला.

"उठून बसला रे! आपला आपला!" सोनामावशी म्हणाली. "बोलला, सोने, भाय आलाय. कालवन कर. भात जास्ती टाक. मी चुलीवर भात ठिवला न् तशीच पलत आले. आता मी घरात जाऊन काय सांगू त्याला?"

हसावं की रडावं ते कळेना. मी खिशातून फोन काढला. रेंज नव्हती. एका बाईनं रस्त्याकडेची पाण्याची टाकी दाखवली, म्हणाली, तिच्यावर चढलं की येते. साखर, पोट, गुडघे, सगळं घेऊन मी टाकीवर चढलो.

"अकिब! बाजारातून बांगडे घे. ताजे. एक टोपलीभर घे आणि बाइकवरून लगेच जुन्या घाटात ये!"

"अब्बा, तुम्ही सायकलिंगला गेलात ना? पार्टी चालू आहे काय?"

"प्रश्न विचारू नकोस!"

"टोपलीभर? अब्बा, आर यू ओके?"

"खालच्या वाडीचं वाटण वाटून तयार आहे रे! ये लवकर!"

फोन ठेवला आणि आम्ही वर गेलो. हॉटेलचे बांबू वाकले होते, पत्रा तोच होता. आत खाटेवर हैबतीबाबा भिंतीला टेकून बसले होते. केवढे ते हैबतीबाबा! दोन्ही हातांत सहा-सहा ग्लास धरून ट्रकवाल्यांना चहा द्यायचे. आता पांघरुणाखाली माणूस आहे की नाही असं वाटत होतं.

"आलास भाय?" ते म्हणाले.

सोनामावशीनं मागून माझ्या पाठीत बोट खुपसलं. मी काय करणार? मी अब्बांच्या आवाजात म्हणालो, "आलो, हैबती."

"काय आणलायस?"

"बांगडा. पण... साफ करतोय. वेळ लागेल."

"कर बाबा. आपल्याला काय घाई हाय."

त्यानंतर मी त्या खाटेच्या कडेवर बसून अब्बा झालो. आयुष्यात इतकं कठीण काम मी केलं नाही! ते विचारत, भाय, तुला तो दरडीचा पाऊस आठवतो? मी म्हणायचो, न आठवायला काय झालं? ते विचारत, मग त्या राती आपण ट्रकखाली झोपलो तवा तू काय बोललास? आता मला काय ठाऊक अब्बा काय बोलले! मी म्हटलं, थंडी फार आहे. ते खो-खो हसले. म्हणाले, "थंडी कसली? तू बोललास, हैबती, पाटीतली मासळी तेवढी वर घे, ती भिजंल!" मीही हसलो आणि हसता हसता डोळे पुसले. अब्बा गेले तेव्हा मी कुवेतमध्ये होतो. सुट्टी मिळाली नाही, विमान मिळालं नाही. अब्बांच्या अशा गोष्टी सांगणारं माणूस मला त्या दिवसापर्यंत भेटलं नव्हतं.

अकिबचा मात्र पत्ता नव्हता. अश्वजित खालच्या टाकीवर फोन घेऊन चढला होता. मध्येच तो धापा टाकत वर आला आणि माझ्या कानात म्हणाला, "अकिब पलीकडे पोचलाय."

"पलीकडे म्हणजे?"

"बोगद्यातून गेला. रत्नागिरी जिल्ह्यात उभा आहे. विचारतोय, घाट कुठे गेला?"

"त्याला सांग, डोंगराच्या वर बघ!"

मग पोरगं पलीकडच्या बाजूनं जुना घाट उलटा उतरत आलं. पण टोपलीवर ओला गोणपाट, आत ताजी मासळी आणि बाइकचा हॉर्न! माझी चूक त्यानंही केली. त्या बाजूला जुन्या रस्त्यावर आणखी दोन वाड्या होत्या, आणि त्यांनाही बोगदा झाल्यापासून मासळी नव्हती. प्रत्येक वळणावर फलक होता, आणि घरात आपण पोराला नियम पाळायला शिकवतोच. अकिब आला तेव्हा घामाघूम झाला होता. शर्टाचं एक बटण तुटलं होतं आणि खिशातून नोटा बाहेर लोंबत होत्या.

"अब्बा, विकली नाही मी! त्यांनी घेतली! एक आजी तर बाइकच्या पुढे येऊन बसली!"

टोपलीत दोन बांगडे उरले होते.

खालच्या वाडीच्या बायका तोवर वर येऊन अंगणात बसल्या होत्या. वाटण वाटणारी बाई पुढे झाली. तिनं टोपलीत वाकून बघितलं. मग माझ्याकडे आणि मग आत खाटेकडे. आता ही माझ्या डोक्यावर पातेलं उपडं करणार, असं मला वाटलं. पण तिनं पातेल्यातलं वाटण सोनामावशीच्या चुलीशी नेऊन ठेवलं.

"घे गो, म्हातारे," ती म्हणाली. "तिरफलं घातलेली हायत. म्हाताऱ्याला आवडत्यात."

कालवण रटरटलं. घरभर वास सुटला. सोनामावशीनं ताटात भात वाढला, मध्ये आळं केलं आणि त्यात लाल कालवण ओतलं. हैबतीबाबांनी पहिला घास घेतला. अंगणातल्या बायका, दारातला अश्वजित, तुटक्या बटणाचा अकिब, उंबऱ्यावरची पाच मांजरं, सगळे बघत होते. त्यांनी दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. काटा काढून बाजूला ठेवला. भात संपला, आणि त्यांनी ताट पुढे केलं. सोनामावशीनं पदर तोंडाला लावला आणि दुसऱ्या हातानं भात वाढला.

दुसरा बांगडाही संपला तेव्हा बाबा भिंतीला टेकले आणि त्यांनी मोठा ढेकर दिला.

"कालवन बरा झालाय. पन मुराद, तुझा बाप असता ना, तर त्यानं वर एक बांगडा फुकट टाकला असता."

मी उडालोच! "बाबा! तुम्हाला माहीत होतं?"

"डोलं गेल्यात रे, अक्कल नाय गेली. भाय चढ चढून आला तरी धापा नाय टाकायचा. तू खालच्या वलनापासनं फुसफुसत आलास, ते हितं ऐकू येत हुता. आनी भायच्या मातीला मी आलो हुतो, बाला. तू नव्हतास. तुझ्या वाटची एक मूठ मी टाकली."

मी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. मग म्हणालो, "मग मगापासून मला भाय भाय का म्हणत होतात?"

"भोंगा वाजला तवा भूक लागली," बाबा म्हणाले. "मंग इचार केला, खरा बोललो न् तू लाजून पलालास, तर मासळी कोन आननार?"

अंगणातल्या बायका अशा हसल्या की मांजरं पळाली. सोनामावशीनं चहा टाकला. बटर काही नव्हतं, म्हणून मी सकिनाची भाकरी चहात बुडवून खाल्ली. ती बटरासारखी लागली नाही, पण मी दुसरी घेतली. निघताना बाबांनी हाक मारली, "पुढल्या आयतवारी सुरमई आन!" आणि वाटणवाली म्हणाली, "मला बांगडाच. आनी येलंवर ये, वाटान आंबता कामा नये!"

आम्ही घरी पोचलो तेव्हा दुपारचं जेवण केव्हाच टळून गेलं होतं. सकिना दारात उभी होती. तिनं मला वास घेऊन ओळखलं.

"सायकलिंग झालं?"

"झालं."

"मग अंगाला बांगड्याचा वास कसा?"

मी सगळं सांगितलं. ती आत गेली, चिंच घेऊन आली आणि भोंगा घासायला बसली.

आता दर रविवारी मी जुन्या घाटात जातो, निव्वळ व्यायामासाठी! साखर उतरलीय, गुडघे कुरकुरतात, आणि थर्माकोलच्या खोक्यात अंडी नसतात. हैबतीबाबा हल्ली काठी टेकत रस्त्यापर्यंत येतात, वरचा फुकटचा बांगडा दिला की नाही ते हातानं चाचपून बघतात आणि मगच मला आत घेतात. परवा पोलादपूरच्या नाक्यावर मागून कुणीतरी हाक मारली, "ओ बांगडेवालेऽऽ!" आसपास बांगडेवाला कुणी नव्हता. मुरादसाहेबांनी खरं तर तडक पुढे निघून जायला हवं होतं.

मी पहिल्याच हाकेला वळलो.